पत्र पावलें, वर्तमान कळलें

नभोवाणीवर बोलणाऱ्या माणसाची एक अडचण असते. त्याच्यासमोर श्रोता नसतो. मान डोलावणारा कोणी नाहीं, जांभई देणारा नाहीं, आणि "ऐकूं आलें नाहीं, पुन्हां सांगा" असें म्हणणाराहि नाहीं. मी एक वाक्य उच्चारतों. तें धाराशिवच्या एखाद्या घरीं स्पष्ट ऐकूं आलें, कीं नेमकी त्याच क्षणीं तेथली वीज गेली, हें मला कळण्यास कांहीं मार्ग नाहीं. कीर्तनकाराला श्रोत्यांच्या चेहऱ्यावरच पोंच मिळते. नभोवाणीवरील वक्त्याला ती मिळत नाहीं.

आज या 'पोंच' शब्दाविषयींच चार गोष्टी सांगण्याचा विचार आहे. दोन संगणक एकमेकांना मजकूर पाठवितात, तेव्हां तो मजकूर पोंचला हें पाठविणाऱ्यास कसें कळतें, या प्रश्नाचें उत्तर गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत शोधलें गेलें. विषय नवा दिसतो. परंतु त्यांतली जवळजवळ प्रत्येक अडचण जासुदाच्या हातीं पत्र देणाऱ्या आपल्या पूर्वजांना ठाऊक होती, आणि त्यांतल्या कांहींवर त्यांनीं उपायहि काढले होते. म्हणून आरंभ यंत्रापासून न करतां आपल्याच मुलखापासून करतों.

इ. स. १७६० च्या ३ फेब्रुवारीस उदगीरच्या मोहिमेंत सदाशिवरावभाऊंनीं निजामाच्या फौजेचा पराभव केला. ही मोहीम औसा-उदगीरच्या टापूंत, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्याच्या अगदीं शेजारीं झाली. औसें तर १९८२ सालीं लातूर जिल्हा निराळा होईपर्यंत या जिल्ह्यांतच मोडत असे. या विजयाच्या चोवीस दिवस आधीं, १० जानेवारीस, दिल्लीजवळ बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे धारातीर्थीं पडले होते. परंतु विजयाच्या दिवशीं ती बातमी वाटेंतच होती. दक्षिणेंत विजयाचा आनंद आणि उत्तरेंत पराभवाचें दुःख अशा दोन गोष्टी एकाच राज्यांत एकाच वेळीं नांदत होत्या, आणि एकीला दुसरीची वार्ता नव्हती. पुढें ती वार्ता पोंचली, आणि मार्च महिन्यांत भाऊसाहेब मराठवाड्यांतूनच उत्तरेच्या वाटेस लागले.

ज्या राज्याचा कारभार शेंकडों कोसांवरून चालतो, त्याला पत्र हाच प्राण. त्या काळचीं पत्रें चाळलीं म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. क्षेमकुशलाचा मजकूर संपतांच लिहिणारा प्रथम समोरच्याच्या पत्राची पोंच देतो. आपण अमुक 'छ' चें पत्र पाठविलें, तें पावलें, लिहिलें वर्तमान कळलें. आणि मग आपला मजकूर. 'छ' हें अक्षर चांद्र महिन्याच्या तारखेपूर्वीं घालण्याची चाल होती. पोंच देतांना पत्राची तारीख सांगावयाची, ही रीत कोणा शिष्टाचारासाठीं पडली नव्हती. एकामागून एक अशीं चार पत्रें निघालेलीं असत. त्यांतलें एक वाटेंत हरवे, एक मागाहून निघून आधीं पोंचे. अशा वेळीं नुसतें "पत्र पावलें" म्हटल्यानें कोणतें पावलें याचा उलगडा होत नसे.

याच पत्रांत आणखी एक वाक्य वारंवार भेटतें. पूर्वीं पत्र पाठविलें आहे, तें पावलेंच असेल. यांतला 'च' मोठा बोलका आहे. खरी खात्री असती तर तो लिहावा लागला नसता. म्हणून हें वाक्य लिहिल्यावर लेखक पुष्कळदां मागच्या पत्राचा मजकूर थोडक्यांत पुन्हां सांगतो. जासूदहि जोडीनें धाडण्याचा प्रघात होता. एक आजारी पडला, मारला गेला, तर दुसरा पुढें जावा. म्हणजे तारीख घालणें, पोंच देणें, आणि पोंच न आल्यास मजकूर पुन्हां पाठविणें, हे तीनहि उपाय आपल्या कारकुनांच्या हातीं होते.

परंतु पोंच मुळींच आली नाहीं तर काय करावें? याचें उत्तर त्या कारकुनांपाशीं नव्हतें. १७६० च्या नोव्हेंबरांत पानिपतावर भाऊसाहेबांच्या छावणीभोवतीं अबदालीचा वेढा आवळत गेला, तसतशी दक्षिणेकडे येणारीं पत्रें विरळ झालीं, आणि अखेर थांबलीं. नानासाहेब पेशवे स्वतः उत्तरेकडे निघाले. १४ जानेवारी १७६१ रोजीं लढाई होऊन गेली. दहा दिवसांनीं, भेलशाच्या मुक्कामीं, पेशव्यांच्या हातीं पत्र पडलें, तें भाऊंचें नव्हतें. तें एका सावकाराचें पत्र होतें. दुसऱ्याच कोणासाठीं निघालेलें, आणि मोतीं, मोहरा व खुर्दा यांच्या सांकेतिक भाषेंत झालेला संहार सांगणारें. आपण पाठविलेल्या पत्रांची पोंच पेशव्यांना अशी मिळाली. त्यापूर्वींचे दोन महिने त्यांच्यासमोर एकच प्रश्न होता: पत्रें येत नाहींत, तीं वाट अडली म्हणून, कीं लिहिणाराच उरला नाहीं म्हणून? मौनाला दोन अर्थ असतात, आणि दुरून ते निवडतां येत नाहींत.

पुढें जासुदाच्या जागीं टपालखातें आलें. धाराशिवला निजामी अमदानींत उस्मानाबाद हें नांव मिळालें होतें. जुनें नांव २०२३ सालीं अधिकृतपणें परत आलें. हें गांव हैदराबाद संस्थानाच्या पश्चिम सरहद्दीजवळचें. पलीकडे बार्शी-सोलापूरचा मुलूख इंग्रजी अमलाखालीं. निजाम सरकारचें टपालखातें स्वतंत्र होतें. त्याचीं तिकिटें १८६९ पासून निघूं लागलीं, आणि तीं संस्थानाच्या हद्दींतच चालत. १९५० सालीं तें खातें भारतीय टपालखात्यांत विलीन झालें. तोंपर्यंत सरहद्द ओलांडणाऱ्या पत्राचा प्रवास दोन निराळ्या नियमांच्या राज्यांतून होत असे. प्रत्येक खात्यानें आपापलें काम चोख केलें, तरी तें ग्वाही देई ती आपल्या हद्दीपुरती. पत्र शेवटच्या माणसाच्या हातीं पडलें कीं नाहीं, हें पाठविणाऱ्यास खऱ्या अर्थानें कळे तें त्या माणसाचें उत्तर आल्यावरच. रजिस्टर पत्रास पोंचपावतीचें कार्ड जोडण्याची सोय झाली, ती हीच उणीव भरून काढण्यासाठीं. कार्डावरची सही वाटेंतल्या कोणा टपालवाल्याची नसे; ती पत्र घेणाऱ्याची असे. ही गोष्ट लक्षांत ठेवावी, कारण इंटरनेटची उभारणी याच तत्त्वावर झाली आहे.

आतां संगणकांकडे वळूं. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्रीं अमेरिकेंत, लॉस एंजेलिस येथील विद्यापीठांतून सुमारें ३५० मैलांवरच्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे, अर्पानेट नांवाच्या नव्या जाळ्यावरून पहिला संदेश पाठविण्यांत आला. शब्द होता 'लॉगिन'. चार्ली क्लाइन नांवाच्या तरुण विद्यार्थ्यानें त्याचें पहिलें अक्षर दाबलें. तें पोंचलें कीं नाहीं, हें त्याला कसें कळावें? दोन्ही टोकांचीं माणसें साध्या टेलिफोनवर एकमेकांशीं बोलत होतीं. पहिलें अक्षर दिसलें काय? दिसलें. दुसरें? दिसलें. तिसऱ्याला पलीकडचा संगणक बंद पडला. सुमारें तासाभरानें पुरा शब्द गेला. सांगण्याचा मुद्दा असा, कीं या जाळ्यावरच्या पहिल्या अक्षराची पोंच माणसाच्या तोंडून टेलिफोनवर मिळाली.

अर्पानेटवर मजकूर लहान लहान पुडक्यांत बांधून पाठवीत, आणि वाटेंतलें प्रत्येक ठाणें पुढच्या ठाण्याकडून पोंच घेई. एका जाळ्यापुरती ही पद्धत चालली. परंतु थोड्याच वर्षांत तारेचें जाळें, बिनतारी जाळें आणि उपग्रहाचें जाळें अशीं निरनिराळ्या नियमांचीं जाळीं जोडण्याची गरज पडली. आपल्याकडील दोन टपालखात्यांचाच हा प्रश्न. मात्र येथें खातीं दोन नव्हत, अनेक. १९७४ च्या मे महिन्यांत व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान यांनीं एक निबंध प्रसिद्ध करून त्याचें उत्तर दिलें. वाटेवर फार विश्वास टाकूं नये. वाटेनें पुडकें पुढें ढकलण्याचा यत्न करावा, हरवलें तर हरवलें. पोंच देण्याघेण्याची जबाबदारी दोन टोकांनीं स्वतःच्या शिरावर घ्यावी. या विचारांतून 'ट्रान्समिशन कंट्रोल प्रोटोकॉल', संक्षेपानें टी.सी.पी., ही नियमावली तयार झाली. तिचें पुढें प्रमाण ठरलेलें स्वरूप सप्टेंबर १९८१ मध्यें प्रसिद्ध झालें, आणि १ जानेवारी १९८३ पासून अर्पानेटनें ती स्वीकारली. भारतांत सर्वसाधारण लोकांसाठीं इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजीं सुरू झालें, तेंहि याच नियमावलीवर.

तिची रीत ऐकण्यासारखी आहे. मजकुरांतील प्रत्येक बाइटला, म्हणजे जवळजवळ प्रत्येक अक्षराला, अनुक्रमांक असतो. बोलणें सुरू करण्यापूर्वीं पहिला संगणक सांगतो, "माझी गणती अमुक अंकापासून सुरू." दुसरा म्हणतो, "आपला अंक पावला. माझी गणती अमुक अंकापासून." पहिला पुन्हां म्हणतो, "आपलाहि पावला." असे तीन निरोप झाल्यावर मजकूर वाहूं लागतो. घेणारा पोंच देतो ती अशी, कीं "अमक्या अंकाच्या आधींचें सर्व पावलें, आतां या अंकापासून पाठवा." यांत एक खुबी आहे. एखादी पोंच वाटेंत हरवली तरी बिघडत नाहीं. मागून येणाऱ्या पोंचेंत तिचा अर्थ सामावलेला असतो. पाठविणारा आपल्याजवळ प्रत ठेवतो, आणि ठराविक वेळांत पोंच न आल्यास ती प्रत पुन्हां धाडतो. तीच पुडकी दोनदां पोंचली तर अनुक्रमांक पाहून घेणारा एक टाकून देतो.

वाचतांना हें सरळ वाटतें. परंतु 'ठराविक वेळ' म्हणजे किती, या एका प्रश्नानें सारें जाळें ठप्प केलें. १९८६ च्या ऑक्टोबरांत बर्कली येथें प्रयोगशाळा आणि विद्यापीठ यांच्यामधला मजकुराचा वेग सेकंदास ३२,००० बिटांवरून अवघ्या ४० बिटांवर आला. बिट म्हणजे एक वा शून्य हा एक अंक. या दोन ठिकाणांमधलें अंतर चारशें यार्डांचें! हातांत चिठ्ठी घेऊन धांवत गेलेला मनुष्य यंत्राच्या आधीं पोंचला असता. कारण शोधलें तेव्हां असें दिसलें, कीं पाठविणारे संगणक उतावळे झाले होते. जाळ्यांत गर्दी झाली म्हणून पोंच यावयास उशीर होई; उशीर झाला म्हणून पाठविणारा तेंच पुडकें पुन्हां धाडी; त्यानें गर्दी आणखी वाढे. वाट प्रतींनीं भरून गेली, आणि मूळ पत्रांना जागा उरली नाहीं.

व्हॅन जेकबसन यांनीं मायकेल कॅरल्स यांच्या सहकार्यानें याचा उपाय शोधला आणि १९८८ सालीं तो प्रसिद्ध केला. त्याचें सार असें: पोंच यावयास सरासरी किती वेळ लागतो एवढेंच पाहूं नये, तो वेळ किती कमीजास्त होतो हेंहि मोजावें, आणि त्यावरून थांबण्याची मुदत ठरवावी. पुन्हां पाठविण्याची पाळी आलीच तर दर खेपेस मुदत दुप्पट करावी. आरंभीं थोडें पाठवून हळूहळू वाढवावें. आणि सर्वांत मोठें तत्त्व हें, कीं एक पुडकें पलीकडे बाहेर पडल्याची पोंच आली म्हणजे मगच नवें वाटेवर सोडावें. पोंच ही केवळ पावती राहिली नाहीं. ती वाटेची नाडी झाली.

याच सुमारास आणखी एक गोम ध्यानांत आली. एकच पुडकें दोनदां पाठविलें आणि पोंच एक आली. ती पहिल्याची कीं दुसऱ्याची? हें न कळल्यास लागलेल्या वेळाचें माप चुकतें. १९८७ सालीं फिल कार्न व क्रेग पार्ट्रिज यांनीं सुचविलें, कीं अशा संशयित पोंचेवरून वेळ मोजूंच नये. १९९२ सालीं पुडक्यावर वेळेचा अंक घालण्याची आणि पोंचेंत तोच अंक परत करण्याची सोय झाली. "आपलें अमुक छ चें पत्र पावलें" असें लिहिणाऱ्या कारकुनाला ही युक्ति पाहून आश्चर्य वाटलें नसतें.

एक प्रश्न मात्र कोणत्याहि युक्तीनें सुटत नाहीं. समजा, एका शत्रूच्या दोन अंगांस आपल्या दोन फौजा आहेत. दोघांनीं एकाच वेळीं हल्ला केला तरच जय. एकट्यानें केला तर नाश. पहिला सेनापति निरोप धाडतो, "उद्यां पहाटे." तो पोंचला, हें कळल्यावांचून तो हलणार नाहीं. दुसरा पोंच धाडतो. पण ती पोंचली हें कळल्यावांचून दुसराहि हलणार नाहीं. म्हणून पोंचेची पोंच, आणि तिचीहि पोंच. ही सांखळी कोठें संपावी? कोठेंहि नाहीं, कारण जो निरोप शेवटचा, तो पाठविणाऱ्यास तो पोंचला कीं नाहीं हें कळत नाहीं. हा विचार १९७५ सालीं संगणकशास्त्रांत मांडला गेला, आणि १९७८ सालीं जिम ग्रे यांनीं त्याला दोन सेनापतींच्या कोड्याचें रूप दिलें. वाट बेभरवशाची असली तर दोघांनाहि पूर्ण खात्री एकाच वेळीं होणें अशक्य आहे, हें तर्कानें सिद्ध होतें. टी.सी.पी. हें सत्य नाकारीत नाहीं. तें पदरीं घेऊन चालतें. बोलणें संपवितांना शेवटची पोंच देणारा संगणक लगेच दार लावीत नाहीं. आपली पोंच हरवली असेल, पलीकडचा पुन्हां निरोप देईल, म्हणून तो कांहीं काळ तसाच थांबतो. मूळ नियमावलींत हा काळ चार मिनिटांचा धरला आहे. पाहुण्याला निरोप देऊन तो वळणाआड जाईपर्यंत दारांत उभें राहण्याचाच हा प्रकार.

टोकांवरच विश्वास कां ठेवावा, याचें एक उदाहरण साल्ट्झर, रीड व क्लार्क यांनीं १९८४ सालच्या आपल्या निबंधांत दिलें आहे. मॅसाच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयांत अनेक जाळीं जोडलेलीं होतीं, आणि वाटेच्या प्रत्येक टप्प्यावर मजकुराची तपासणी होत असे. लोक निर्धास्त होते. परंतु मधल्याच एका संगणकांत मजकूर एका हातांतून दुसऱ्या हातांत देतांना, दर दहा लक्ष बाइटांमागें सुमारें एका जोडीची अदलाबदल होई. टप्पे सगळे निर्दोष. चूक दोन टप्प्यांच्या मध्यें, जेथें कोणी पाहत नव्हतें. मोलाच्या लेखनांत हळूहळू बिघाड शिरला, आणि लोकांना तें जुन्या कागदी प्रतींशीं ताडून दुरुस्त करावें लागलें. वाटेंतल्या शंभर पावत्या शेवटच्या एका पावतीची जागा घेऊं शकत नाहींत, असा त्याचा बोध.

आणि ती शेवटची पावती तरी काय सांगते? येथें आपल्या जुन्या पत्रलेखकांकडे परत यावें लागतें. त्यांनीं दोन गोष्टी निरनिराळ्या लिहिल्या: पत्र पावलें, आणि वर्तमान कळलें. टी.सी.पी. पहिल्या गोष्टीची ग्वाही देतें; मजकूर पलीकडच्या यंत्रांत पडला एवढेंच ती पोंच म्हणते. तो कोणीं वाचला, समजला, त्यावर कांहीं केलें, याविषयीं ती मूक असते. आज घरोघरीं चालणाऱ्या व्हॉट्सॲपवर एक खूण उमटते ती निरोप निघाला म्हणून, दोन उमटतात त्या पलीकडच्या यंत्रांत पोंचला म्हणून. आणि २०१४ सालापासून त्या निळ्या होऊं लागल्या, त्या उघडून पाहिला म्हणून. पावलें आणि कळलें यांतलें अंतर निळ्या रंगानें पुष्कळ कमी केलें. पण पाहणें म्हणजे कळणें नव्हे, हें ज्याला उत्तर आलें नाहीं त्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

मौनाचे दोन अर्थ मी मघाशीं सांगितले. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनीं किल्लारीच्या आसपास धरणीकंप झाला. लातूर जिल्ह्याबरोबर धाराशिव जिल्ह्यांतील उमरगें तालुक्याचीं गांवें, सास्तूरसारखीं, जमीनदोस्त झालीं. सुमारें आठ हजार माणसें गेलीं. त्या काळीं खेडोपाडीं टेलिफोन विरळा होता. मुंबई-पुण्यास असलेल्या आप्तांना पेशव्यांचाच प्रश्न पडला: उत्तर येत नाहीं, तें वाट अडली म्हणून, कीं उत्तर देणाराच नाहीं म्हणून? संगणक अशा वेळीं मुदत दुप्पट करीत जातो, कांहीं खेपांनंतर प्रयत्न सोडतो, आणि संबंध तुटल्याची नोंद करतो. त्याला त्यापुढें जातां येत नाहीं. माणूस मिळेल त्या गाडीनें निघतो आणि स्वतः जाऊन पाहतो. नानासाहेब निघाले होते, तसेच हेहि निघाले.

यंत्रांनीं पोंच देण्याची रीत पूर्णत्वास नेली, हें त्यांचें मोठें काम आहे. आपण एक पत्र वाचतों तेवढ्या अवधींत हजारों पावत्या न चुकतां फिरून येतात. परंतु त्या सर्व 'पावलें' एवढेंच म्हणतात. 'कळलें' हा शब्द अजून माणसालाच लिहावा लागतो. आपल्या टेबलावर, किंवा खिशांतल्या यंत्रांत, एखादें पत्र उत्तरावांचून पडलें असेल, तर आज दोन ओळी लिहून टाका. पलीकडे कोणी तरी त्या मौनाचा अर्थ लावीत बसलेलें असेल.